पॉलिश केल्यावर महिन्याभरात स्क्रॅच परत दिसतात? मशीन लावण्याआधी हे तपासा

काळ्या, गडद निळ्या, मरून रंगाच्या गाड्यांचे मालक माझ्याकडे येतात ते बहुतेक एकाच तक्रारीने. मागच्या महिन्यात रबिंग-पॉलिश करून घेतलं, गाडी आरशासारखी झाली होती, आणि आता सकाळच्या उन्हात उभी केली की बोनेटवर परत तीच कोळ्याची जाळी. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: पुन्हा एकदा मशीन मारून द्या.

मशीन मारायला माझी ना नाही, तेच माझं काम आहे. पण स्क्रॅच परत का दिसतायत हे कळल्याशिवाय मशीनला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. दर पॉलिशला रंगाचा थोडा थर कायमचा उतरतो. परत दिसणाऱ्या बारीक ओरखड्यांमागे तीनपैकी एक कारण असतं. एक तर ते गेलेच नव्हते, नुसते भरले गेले होते. किंवा मशीननेच नव्या खुणा पाडल्या. किंवा ते खरोखर गेले होते, पण रोज सकाळी नवे पडतायत. तिन्हींवर इलाज वेगळा आहे, आणि तिसऱ्यावर तर मशीन हा इलाजच नाही.

आधी थर म्हणजे काय ते सांगतो. हल्लीच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन भरतं, काही गाड्यांवर त्याहूनही कमी. आपल्या डोक्याचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, म्हणजे सगळे थर मिळून जेमतेम दोन केसांइतके. त्यातला क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉन. चमक त्याचीच, आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी द्रव्यंही त्यातच. फिनिशिंगच्या एका हलक्या फेरीत जेमतेम एखादा मायक्रॉन जातो, बहुधा त्याहून कमी. लोकरीचं पॅड आणि जाड कंपाउंड, म्हणजे खरखरीत कणांची पेस्ट, लावून रोटरी मशीन चालवली की दोन-चार मायक्रॉन सहज उतरतात. गाडीच्या सगळ्या आयुष्यात मिळून आठ-दहा मायक्रॉनच्या वर काढायचं नाही, हा ठोकताळा मी पाळतो. दर दसऱ्याला रबिंग करून घेतलेल्या गाड्यांच्या छतावर आणि बोनेटवर काही वर्षांनी पांढरे चट्टे येतात, पापुद्रे सुटायला लागतात. तिथे मग पॉलिश कामाचं नाही, पूर्ण पॅनल रंगवावं लागतं.

आता तपासणी. गाडी शॅम्पूने नीट धुऊन, मायक्रोफायबर टॉवेलने टिपून कोरडी करा. संध्याकाळी पार्किंगमधले ट्यूबलाइट बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च बोनेटपासून हातभर अंतरावर धरा. ट्यूबलाइटखाली वाईटातली वाईट गाडीही छान दिसते, म्हणून गाडी ताब्यात घेताना नेहमी ऊन किंवा टॉर्च वापरावा. टॉर्चच्या ठिपक्याभोवती गोल गोल बारीक रेषा दिसल्या तर ते स्वर्ल मार्क्स. गंमत अशी की ते ओरखडे गोल नसतातच. सगळ्या दिशांना पडलेल्या सरळ रेषांपैकी प्रकाशाला आडव्या असलेल्याच तेवढ्या चमकतात आणि डोळ्याला वर्तुळ दिसतं. घासून घासून जुनं झालेलं स्टीलचं ताट बल्बखाली धरा, हीच वर्तुळं दिसतील, आणि ताट हलवलं की तीही सरकतील.

गोल जाळीऐवजी रुंद, धूसर पट्टे दिसत असतील, ओल्या फरशीवर फडकं फिरवल्यासारखे फराटे, आणि तुम्ही बाजूला सरकलात की तेही सरकत असतील, तर ते होलोग्राम. ते धुण्याने पडत नाहीत, मशीनने पडतात. एकेकटी, लांब, खोल रेष असेल तर तिच्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे, कदाचित क्लिअर कोटच्याही खाली गेलाय. तो पॉलिशने काढायचा हट्ट धरू नका. कडा थोड्या मऊ करून कमी दिसेल इतकं करता येतं, त्यापुढे टच-अप किंवा पेंट.

त्यानंतर अल्कोहोलची चाचणी. मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. एक भाग ते आणि चार-पाच भाग डिस्टिल्ड पाणी असं मिश्रण स्प्रे बाटलीत भरा, बोनेटच्या वीतभर चौकोनावर मारा, मिनिटभर ओलं राहू द्या आणि स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. दोन-तीनदा करा. नुकत्याच रंगवलेल्या पॅनलवर मात्र हे करू नका. मग टॉर्च मारा. पुसलेल्या चौकोनात ओरखडे जास्त दिसतायत आणि शेजारी कमी, तर तुमचे स्क्रॅच कधी गेलेच नव्हते.

हा पहिला प्रकार फार सर्रास आहे. ग्लेझ नावाच्या वस्तूत आणि स्वस्त पॉलिशमध्ये तेलं आणि भरण असतं, मेणही कमी-जास्त प्रमाणात तेच काम करतं. ते ओरखड्याच्या खाचेत बसतं, प्रकाश विखुरायचा थांबतो आणि गाडी लखलखते. तीन-चार धुण्यांत, किंवा एप्रिल-मेच्या उन्हात दोन आठवड्यांत, भरण निघून जातं आणि खाच उघडी पडते. ग्लेझ वापरणं गैर आहे असं मी म्हणत नाही. रंग आधीच पातळ झालेल्या जुन्या गाडीसाठी तोच शहाणपणाचा मार्ग आहे. फक्त गिऱ्हाइकाला ते सांगून करावं. पॉलिश झाल्यावर, मेण किंवा कोटिंग चढवण्याआधी, त्याच अल्कोहोलने पुसून गाडी दाखवा असं मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. काम खरं झालं असेल तर दाखवणाऱ्याला अडचण नसते.

दुसरा प्रकार, मशीनने पाडलेल्या खुणा. आपल्याकडच्या बहुतेक गॅरेजमध्ये रोटरी असते, तिचं पॅड एकाच आसावर गरागरा फिरतं. लोकरीच्या पॅडखाली ती पटकन काम उरकते, पण प्रत्येक फेऱ्यात एकाच दिशेने बारीक चरे पाडते. त्यावर फोमचं मऊ पॅड आणि बारीक पॉलिश घेऊन दुसरी फेरी मारली तर ते निघतात. वेळ वाचवायला ही दुसरी फेरी गाळली जाते, वरून ग्लेझ फिरवतात, आणि होलोग्राम तुम्हाला तीन आठवड्यांनी दिसतात. इथे इलाज सोपा आहे: ड्युअल ॲक्शन मशीन, फिनिशिंग पॅड, बारीक पॉलिश. कंपाउंड अजिबात नको. डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून आलेल्या एखाद-दुसऱ्या पॅनलवरच फराटे असतील तर थोडं थांबा. नवा रंग काही आठवडे सुकत, आक्रसत राहतो आणि पॉलिशने झाकलेल्या 1500-2000 नंबरच्या पॉलिश पेपरच्या रेषा परत वर येतात. महिन्याभराने एकदाच काम केलं तर दोनदा करावं लागत नाही.

तिसऱ्या प्रकाराबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा-सात गाड्या त्याच असतात.

आमच्या शेजारच्या सोसायटीतल्या एका काकांची काळी सेडान मी पूर्ण दोन दिवस खर्चून केली होती. अल्कोहोलने पुसून, उन्हात उभी करून दाखवली, एक रेष नव्हती. पाच आठवड्यांनी काका गाडी घेऊन आले ते नाराज होऊनच. बोनेट, छत, पुढचे दोन्ही दरवाजे जाळीने भरलेले. अल्कोहोल चाचणी केली, काही फरक नाही. होलोग्रामही नाहीत. मग मी एक गोष्ट बघितली: दरवाजाच्या खालच्या पट्टीवर, जिथे कोणी वाकून पुसत नाही, तिथे रंग अजून माझ्या हातून गेला तसाच होता. जाळी फक्त हात पोचतो तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी त्यांच्या पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो. गाड्या पुसणारे दादा आले. एक बादली, दोन फडकी. एक जुन्या बनियनचं, एक साडीचं, तिला काठाची जाडसर शिवण तशीच. वीस-बावीस गाड्या साडेआठच्या आत व्हायच्या होत्या. पहिल्या गाडीवर फडकं ओलं करून फिरवलं, पिळलं, चाकाच्या रिमवरून फिरवलं, पिळलं, आणि तेच फडकं दुसऱ्या गाडीच्या बोनेटवर. काकांची गाडी अकरावी होती. त्यांचं आटोपल्यावर मी बादलीतलं पाणी हळूहळू मोरीत ओतलं. तळाशी ओंजळभर करडी वाळू उरली होती. मी ती चिमटीत घेऊन काकांच्या तळहातावर ठेवली आणि चोळायला सांगितलं. त्यांना दुसरं काही सांगावं लागलं नाही.

यात त्या दादांचा दोष नाही. महिन्याच्या ठरलेल्या पैशात, तेवढ्या वेळात, एका बादलीत याहून वेगळं कोणीही करू शकणार नाही, आणि गाडी पुसलेली दिसली नाही तर मालक त्यांनाच बोलणार. आम्ही बोलून तोडगा काढला. रोज फक्त काचा, आरसे आणि नंबर प्लेट पुसायची. अंगाला फडकं लावायचंच नाही, धूळ दिसली तर दिसू दे. आठवड्यातून एकदा पाइपने भरपूर पाणी मारून मग काका स्वतः धुणार. पैसे तेवढेच. दादांना ते पसंत पडलं.

धुण्याची रीत साधी आहे. चाकं सगळ्यात आधी, वेगळ्या फडक्याने. मग गाडीवर वरून खाली पाणी, हात न लावता, जेवढी माती वाहून जाईल तेवढी जाऊ द्या. मग दोन बादल्या: एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मिट, म्हणजे गाडी धुवायचा मऊ हातमोजा, आधी साध्या पाण्यात खंगाळायचा, मग शॅम्पूत बुडवायचा. छतापासून सुरुवात, बंपर आणि दाराचा खालचा भाग शेवटी. मिट जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर नको, त्याने मेणाचा थर निघून जातो. वाळवताना घासायचं नाही, मोठा मायक्रोफायबर टॉवेल पसरून टिपायचं. बोअरचं पाणी असेल तर उन्हात धुऊच नका. थेंब जागेवर वाळतो, क्षाराचा पांढरा गोल डाग राहतो, आणि तो काढायला परत मशीन.

आणखी काही जागा ज्या सहसा लक्षात येत नाहीत. मोकळ्या जागेत लावलेलं कव्हर: आत धूळ, बाहेर वारा, आणि दिवसभर कापड घासतंय. धुळकट गाडीवर कव्हर घालण्यापेक्षा गाडी उघडी बरी. दसऱ्याचा झेंडूचा हार: बोनेटवर लोंबता बांधून हायवेला गेलात की दोरा आणि देठ तासभर रंगावर आपटत राहतात. पूजा झाल्यावर, गाडी रस्त्यावर काढण्याआधी हार उतरवून ठेवा. आणि विसर्जन मिरवणुकीतला गुलाल. अंगावर बसलेला गुलाल कोरड्या फडक्याने झटकायचा मोह फार होतो. झटकू नका. आधी नुसतं पाणी, भरपूर, मग शॅम्पू. त्याच्यासोबत रस्त्याची धूळही बसलेली असते.

सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवलेला पातळ कडक थर, केलं की स्क्रॅच पडत नाहीत, असं सांगून विकलं जातं. ते खरं नाही. जाहिरातीतलं 9एच म्हणजे पेन्सिलीच्या कडकपणाच्या चाचणीतला 9एच, नीलमण्याचा किंवा हिऱ्याचा नव्हे. कोटिंगने माती कमी चिकटते, धुणं सोपं होतं, पक्ष्यांच्या विष्ठेला आणि क्षाराला थोडी आडकाठी होते. वाळूच्या फडक्यापुढे तेही टिकत नाही. ओरखड्यांना खरोखर अडवते ती पेंट प्रोटेक्शन फिल्म, रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, पण तिचा खर्च वेगळाच.

कारण सापडलं, सवय बदलली, आता जुनी जाळी घालवायची आहे. आता मशीन काढा.

स्वतः करणार असाल तर रोटरी घेऊ नका, ड्युअल ॲक्शन घ्या. तिचं पॅड फिरतंही आणि डगमगतंही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. धुतल्यावर गाडीवरून हात फिरवा. हाताला प्लॅस्टिकची पातळ पिशवी घातली तर जास्त कळतं. खरखर लागली तर आधी क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून घेणारा मातीसारखा मऊ गोळा, भरपूर ल्युब्रिकंट (निसरडं द्रव) मारून फिरवा. तोही पडला तर फेकायचा. क्ले न करता मशीन लावली तर रुतलेले लोखंडाचे कण सुटून पॅडखाली जातात आणि तेच नवे ओरखडे पाडतात. मग कडा, बॉडी लाइन (पत्र्यावरच्या उठावदार रेषा), रबर आणि काळं प्लॅस्टिक यांवर मास्किंग टेप लावा. कडेवर क्लिअर कोट सगळ्यात पातळ असतो, आणि काळ्या प्लॅस्टिकवर वाळलेलं पॉलिश पांढरं पडून बसतं.

जाडी मोजायचं मीटर भाड्याने मिळालं तर प्रत्येक पॅनल चार-पाच ठिकाणी मोजा. मीटर सगळे थर मिळून आकडा देतो, एकट्या क्लिअर कोटचा नाही. पण शेजारच्या पॅनलशी तुलना केली की बरंच कळतं. एका दरवाजावर 110 आणि दुसऱ्यावर 260 आलं तर दुसरा रंगवलेला आहे, आणि 600-700 च्या वर गेलं तर आत पुट्टी आहे. सगळीकडे 110 आणि छतावर मात्र 80 आलं तर छताला मशीन लावू नका. प्लॅस्टिकच्या बंपरवर हा मीटर चालत नाही.

आता टेस्ट स्पॉट. बोनेटवर दोन फूट बाय दोन फूट चौकोन टेपने आखा. सुरुवात सगळ्यात मऊ जोडीने: फिनिशिंग पॅड आणि बारीक पॉलिश. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, मशीन बंद ठेवून पसरवा, मग मशीनच्या डायलवर एक-दोनच्या वेगाने सारवून घ्या, आणि चार-पाचवर आडव्या-उभ्या चार फेऱ्या, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढवून. हात अगदी संथ, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. पुसा, अल्कोहोल मारा, टॉर्च लावा. सत्तर-ऐंशी टक्के गेलं तर ती जोडी पुरेशी आहे, पूर्ण गाडी त्यावरच करा. नाही गेलं तरच मध्यम पॅड, आणि तरीही नाही तर कटिंग पॅड आणि कंपाउंड. उरलेल्या वीस टक्क्यांच्या मागे लागून क्लिअर कोट खर्चू नका. रोज चालवायच्या गाडीवर ते दोन पावलांवरून दिसतही नाहीत.

काम करताना चुकतंय कुठे हे ओळखायच्या खुणा आहेत. बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड जिला चिकटतं त्या चकतीच्या, कडेवर मार्करने एक रेघ ओढा. काम करताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. थांबली असेल तर दाब जास्त आहे किंवा पॅड तिरकं झालंय, आणि मशीन नुसतं थरथरतंय. पॉलिश लगेच वाळून पीठ उडत असेल तर पत्रा तापलाय किंवा पॅड भरलंय. पॅनलवर तळहात आरामात ठेवता आला नाही तर सावलीत थंड होऊ द्या. आपल्याकडे मार्चनंतर सकाळी दहाच्या आत किंवा बंद शेडमध्येच हे काम नीट होतं. पॅड दर चौकोनानंतर ब्रशने झटका. एका पॅडवर पूर्ण गाडी होत नाही, चार-पाच तरी हवीत. काम झाल्यावर सगळीकडे सारखी धूसर झाक दिसली तर ती जास्त कडक जोडीची खूण आहे, फिनिशिंगची एक फेरी मारा, जाईल. पॅडवर गाडीचा रंग उतरलेला दिसला तर तिथल्या तिथे मशीन बंद करा. प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या गाडीवर रंग पॅडला लागणं साहजिक आहे. क्लिअर कोटच्या गाडीवर त्याचा अर्थ तुम्ही खालच्या रंगापर्यंत पोचलात. बंपरवर दुप्पट सावध राहा, प्लॅस्टिक उष्णता पसरवत नाही, त्यामुळे रंग पटकन करपतो.

काकांच्या गाडीला मी त्यानंतर फिनिशिंगची एकच फेरी दिली आणि वर मेण लावलं. बोनेट तेव्हा 104 मायक्रॉन होतं. परवा वर्षाच्या सर्व्हिसिंगनंतर ते गाडी दाखवायला आले. मीटर लावला, 104. टॉर्च मारला तेव्हा ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलच्या खोबणीत नखांचे चार ओरखडे होते आणि डिकीच्या कडेवर एक. ते हाताने, बोटावर मायक्रोफायबर गुंडाळून काढले. मशीन भिंतीवर टांगलेलीच होती.